गांधीसागराच्या काठाबद्दल महानगरपालिकेला काय लिहून द्यावे?

प्रश्न : महालातील रहिवासी

नमस्कार. आमच्या गल्लीतल्या वीस-बावीस कुटुंबांनी मिळून नागपूरच्या गांधीसागर तलावाच्या सुशोभीकरणाबाबत महानगरपालिकेला एक निवेदन द्यायचे ठरवले असून ते लिहून काढण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. पहिल्याच बैठकीत इतकी वेगवेगळी मते पुढे आली की मागणी नेमकी कशाची करायची, यावरच आम्ही अडलो. तरुण मुलांना रोषणाई, नौकानयन आणि तलावाभोवती सलग फिरता येईल असा मार्ग हवा आहे. ज्येष्ठ मंडळींना सकाळी निवांत चालायला जागा हवी आहे आणि खाऊगल्लीची गर्दी आणखी वाढू नये असे त्यांना वाटते. शेजारच्या काकूंनी मात्र एवढेच विचारले, की पाण्याजवळ उभे राहवत नसेल, तर तिथे बाके मांडून कोणाला बसवणार? या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते.

आम्हाला हा तलाव म्हणजे शहरातली केवळ एक मोकळी जागा वाटत नाही. बख्त बुलंद शाहाने वसवलेल्या नागपूरला चांद सुलतानाने राजधानी केले, शहराला तट बांधला आणि लोकांना पाणी मिळावे म्हणून हा तलाव घडवला. तेव्हाचा जुम्मा तलाव पुढे शुक्रवारी तलाव झाला आणि आता तो गांधीसागर आहे. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा संध्याकाळी पाळीवर बायकांचे बोलणे कसे रंगायचे, हे माझ्या सासूबाई आजही सांगतात. मी माझ्या मुलाला रमण विज्ञान केंद्र दाखवायला नेते, तेव्हा परतताना कठड्याशी थांबावे असे मनात असते. पण उन्हाळ्यात तिथला वास इतका असतो की मुलगाच हात धरून ओढू लागतो.

सुशोभीकरणाला माझा विरोध नाही. या शहराला बसण्याच्या, भेटण्याच्या जागांची गरज आहे, हे मला मान्य आहे. फुटाळा, अंबाझरी, सोनेगाव आणि सक्करदरा या तलावांच्या परिसरात राहणाऱ्यांनी अशी कामे जवळून पाहिली आहेत. तिथे काय साधले आणि काय राहून गेले? आम्ही कोणत्या कामाची मागणी आधी करावी आणि ती कशी मांडावी, म्हणजे तिला केवळ 'कार्यवाही सुरू आहे' असे उत्तर मिळणार नाही?

उत्तर : फुटाळ्याजवळ राहणारा

ताई, माझे आईवडील फुटाळ्याच्या चौपाटीवर वीस वर्षे चहा आणि भाजलेले भुट्टे विकत आले. त्या उत्पन्नावर माझे शिक्षण झाले, म्हणून काठाच्या विकासाची बाजू मी आधी मांडतो. नागपूरला समुद्र नाही, मोठी नदी नाही आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की दोन खोल्यांच्या घरात संध्याकाळ काढणे किती कठीण होते, हे अशा घरात राहणाऱ्यालाच कळते. ज्यांच्याकडे मोटार आहे ते शहराबाहेर जातात. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी तलावाची पाळ हीच हवा खाण्याची जागा असते. काठावर उजेड असेल, रस्ता सपाट असेल, स्वच्छतागृह असेल, तर बायका आणि म्हातारी माणसेही रात्री नऊ वाजेपर्यंत निर्धास्त बसतात. या गोष्टीला वरवरची सजावट म्हणू नये, एवढीच विनंती आहे.

ऑगस्ट 2022 मध्ये फुटाळ्याच्या संगीत कारंज्याचे चाचणी प्रयोग झाले, तेव्हा मी वडिलांना घेऊन गेलो होतो. ए. आर. रहमान यांचे संगीत आणि नाना पाटेकर यांच्या आवाजातले मराठी निवेदन होते. आपल्या शहराचा इतिहास इतक्या देखण्या रीतीने कोणी सांगत आहे, हे पाहून वडिलांचे डोळे भरून आले होते. त्यांनी आयुष्यभर त्या तलावाकडे गिऱ्हाईक येण्याची जागा म्हणून पाहिले होते; त्या दिवशी ते प्रथमच पाहुण्यासारखे तिथे बसले.

परंतु दुसरी बाजूही सांगतो. काम सुरू झाले तेव्हा ठेले हटवावे लागले आणि परत कुठे लागतील, लागतील की नाही, हे सांगणारा एकही कागद आम्हाला मिळाला नाही. ते काही महिने आमच्या घराने उसनवारीवर काढले. म्हणून तुमच्या निवेदनात दोन गोष्टी अवश्य लिहा. काठावर येण्यासाठी आणि बसण्यासाठी तिकीट कधीही लागू होऊ नये, ही पहिली. आणि आज तिथे ज्यांची रोजीरोटी आहे त्यांची जागा काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरावी, ही दुसरी.

उत्तर : नाग नदीच्या काठावरील रहिवासी

मी अंबाझरीच्या खालच्या बाजूला, नाग नदीपासून थोड्या अंतरावर राहतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आमच्या तळमजल्यात कमरेइतके पाणी होते. चार तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि हजारो घरांमध्ये पाणी शिरले, माणसे दगावली, बचावासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. शेजारच्या दोन मुलांनी तिला खाटेसकट उचलून जिन्यावर नेले, म्हणून ती वाचली. त्यानंतर ज्या कार्यालयात गेलो तिथे पात्राची जबाबदारी दुसऱ्या कार्यालयाची असल्याचे सांगण्यात आले आणि त्या दुसऱ्या कार्यालयाने आम्हाला पुन्हा पहिल्याकडे पाठवले.

त्या रात्रीनंतर जलाशयाच्या काठावर काहीही नवे बांधले जाणार म्हटले की मी एकच गोष्ट विचारतो : पाणी वाढले तर ते कुठून जाईल? अंबाझरीच्या सांडव्यासमोरचे स्वामी विवेकानंदांचे स्मारक आणि पुढे अरुंद झालेले पात्र हा उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेचा विषय झाला. त्या स्मारकामागची भावना चांगलीच होती आणि त्या थोर पुरुषाविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु सांडव्यापुढची जागा पाण्याची असते आणि ती कोणत्याही चांगल्या हेतूला देता येत नाही. तलाव 1870 साली बांधला गेला, तेव्हा त्याच्या खाली शेते आणि झाडे होती. आज तिथे वस्त्या आहेत. सांडवा आणि पात्र मात्र जेवढ्यास तेवढे राहिले किंवा आणखी आक्रसले.

गांधीसागर अंबाझरीएवढा मोठा नाही, हे खरे. पण तो दाट वस्तीच्या मध्यात आहे आणि त्याचे जादा पाणी शेवटी नाग नदीकडेच जाते. नदी स्वतः तुडुंब असेल तर ते पाणी तुमच्याच गल्ल्यांत थांबेल. म्हणून निवेदनात लिहा की तलावातून पाणी बाहेर जाण्याचा मार्ग नकाशावर दाखवून तो नकाशा काठावरच फलकावर लावावा, त्या मार्गावर पदपथ, ठेले, चबुतरा किंवा वाहनतळ यांपैकी काहीही येऊ नये आणि दरवर्षी मृग लागण्याच्या आधी तो मार्ग साफ झाल्याची पाहणी रहिवाशांसमक्ष व्हावी. रोषणाई त्यानंतर खुशाल करावी. मी स्वतः पाहायला येईन.

उत्तर : निवृत्त अभियंता, सक्करदरा

तुमच्या शेजारच्या काकूंचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझी नोकरी मलनिस्सारणाच्या कामात गेली आहे.

तलावाला वास येतो तो पाणी साचलेले असते म्हणून येत नाही. साचलेले पाणी शेकडो वर्षे चांगले राहू शकते. घरांच्या गडरलाईनचे पाणी पावसाळी नाल्यांत जोडले गेलेले असते आणि ते नाले तलावात उतरतात, हे त्याचे कारण आहे. त्या पाण्यातल्या नत्र आणि स्फुरद या द्रव्यांवर शेवाळ आणि जलपर्णी वाढतात. दिवसा शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री मात्र सगळेच तो वापरतात, त्यामुळे पहाटेपर्यंत तो संपत येतो आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. तळाशी बसलेला गाळ प्राणवायूविना कुजतो आणि आपल्याला जाणवणारा वास तिथून निघतो. हे समजून घेतले की कारंज्याबद्दलचे मतही नेमके होते. कारंजे पाणी हवेत उडवते तेव्हा त्यात थोडा प्राणवायू मिसळतो, हे खरे आहे. पण एका बाजूने सांडपाणी येतच असेल, तर तेवढ्याने भागत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की मागणी करण्यापूर्वी तुम्ही स्वतः एक पाहणी करा. आता मे महिना आहे, पाऊस नाही. पहाटे पाच-साडेपाचला तलावाला पूर्ण प्रदक्षिणा घाला आणि तलावात उघडणारी प्रत्येक नळी, प्रत्येक मोरी वहीत लिहून घ्या. पावसाळी नाला मे महिन्यात कोरडाच असला पाहिजे. ज्या नळीतून या दिवसांत पाणी येत असेल, त्यातून येणारे पाणी घरांचे आहे. दुसरे असण्याची शक्यता फार थोडी. या नोंदी छायाचित्रांसह निवेदनाला जोडा आणि त्या प्रत्येक ठिकाणचा प्रवाह अडवून मलवाहिनीत वळवण्याची मुदत मागा. 'तलाव स्वच्छ करावा' या वाक्याला कोणतेही उत्तर देता येते. 'अमुक ठिकाणची मोरी कोणत्या तारखेपर्यंत बंद होईल' या प्रश्नाला तारीखच द्यावी लागते.

नौकानयनाची मागणी असेल तर पाण्याच्या दर्जाची अटही घाला. बाहेरच्या आंघोळीसाठी योग्य पाण्याची जी कसोटी आपल्याकडे वापरली जाते, तिच्यानुसार एका लिटरमध्ये किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा लागतो आणि जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू, 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असून चालत नाही. नावेत बसणाऱ्या मुलाचा हात पाण्यात जाणारच, म्हणून याहून खालची कसोटी मी सुचवणार नाही. नमुना पहाटे घेतला जावा, असेही लिहा, कारण दुपारी घेतलेला नमुना त्याच तलावाचे फार बरे चित्र दाखवतो.

गाळ काढण्याची मागणी सगळेच करतात आणि ती योग्यही आहे, पण तिच्यात एक धोका आहे. जुन्या तलावांचा तळ चिकणमातीने बसलेला असतो आणि पाणी धरून ठेवण्याचे काम तोच थर करतो. यंत्रांनी तो खरवडून काढला, तर तलाव खोल दिसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात आटतो. पाणलोटाचेही तसेच आहे. सोनेगाव तलाव उन्हाळ्यात कोरडा पडलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. भोवतालची जमीन वस्त्यांनी व्यापली आणि पावसाचे पाणी येण्याच्या वाटा बदलल्या की नुसता काठ बांधून तलाव भरत नाही. गांधीसागराच्या चारही बाजूंनी रस्ते आणि घरे आहेत, म्हणून त्याला स्वच्छ पावसाचे पाणी नेमके कुठून मिळणार, हे आराखड्यात दाखवलेले असले पाहिजे. सगळे दूषित नाले बंद केले आणि चांगल्या पाण्याची वाट ठेवलीच नाही, तर तलाव रिकामा राहील. ही चूक मोठ्या उत्साहात होते.

काठाविषयी थोडेच. तुमच्या तलावाला दगडी भिंती पूर्वीपासून आहेत, त्यामुळे उतरत्या हिरव्या काठाचा आग्रह धरणे व्यवहार्य नाही. त्याऐवजी पाण्यावर कर्दळीसारख्या वनस्पतींचे तरंगते वाफे ठेवता येतात. ते काही प्रमाणात द्रव्ये शोषून घेतात आणि पाखरांनाही त्यांचा आधार होतो.

एक गोष्ट राहिली. नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनासाठी 1,927 कोटी रुपयांचा प्रकल्प केंद्राने मंजूर केला आहे आणि त्यात मलवाहिन्या व प्रक्रिया केंद्रे हाच मुख्य भाग आहे. भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला पुरवण्याची व्यवस्था याच शहराने उभी केली आहे, म्हणजे हे काम आपल्याला जमत नाही असे मुळीच नाही. आपल्या नाल्यांची जोडणी त्या मोठ्या प्रकल्पात धरलेली आहे की नाही, एवढे लेखी विचारा. दोन वेगळ्या कामांच्या मधल्या फटीत तुमचा तलाव राहू नये.

उत्तर : फुटाळ्याजवळ राहणारा

काका, तुमचे म्हणणे पटले, तरीही एक शंका मांडतो. सर्व मोऱ्या बंद होईपर्यंत काठाचे कोणतेही काम करू नये, असा याचा अर्थ घेतला गेला, तर आणखी दहा वर्षे काहीच होणार नाही. लोक जिथे येऊन बसतात त्या तलावाबद्दलच लोक भांडतात. फुटाळ्याला गर्दी होती, म्हणून तिथल्या बांधकामांविरुद्ध याचिका झाली आणि वर्तमानपत्रांनी लिहिले. नाईक तलाव आणि लेंडी तलाव कित्येक वर्षे अतिक्रमणांनी आक्रसत गेले, तेव्हा त्यांच्यासाठी किती जण उभे राहिले?

उत्तर : निवृत्त अभियंता, सक्करदरा

हा मुद्दा मला मान्य आहे आणि माझ्या लिहिण्यात तो सुटला होता. दिवे, स्वच्छतागृह, चालण्याचा मार्ग ही कामे थांबवण्याचे कारण नाही, कारण त्यासाठी रस्ता पुन्हा खोदावा लागत नाही. मलवाहिनी जिथून जायची आहे तिथे मात्र आधी वाहिनी आणि नंतर फरशी, हा क्रम पाळला जावा. अन्यथा नवा पदपथ दोन वर्षांत फोडावा लागतो.

उत्तर : ढीवर समाजातील एक वाचक

इथे सगळ्यांनी पाण्याबद्दल लिहिले, पण त्या पाण्यावर जगणाऱ्यांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझे आजोबा आणि काका या शहरातल्या तलावांवर मासेमारी करत. तलावाचे पाणी बिघडल्याचे सर्वांत आधी आम्हाला कळते, कारण सकाळी जाळे ओढताना मेलेले मासे आमच्याच हाताला लागतात. काम सुरू करण्यासाठी तलाव रिकामा केला जातो, तेव्हा त्या वर्षीचे माशांचे बीज वाया जाते आणि त्याची भरपाई कोणी धरत नाही. तुमच्या तलावावर मासेमारीचा ठेका असेल, तर त्या माणसांना बैठकीला बोलवा. कोणत्या कोपऱ्यात पाणी काळे येते आणि कोणत्या दिवशी येते, हे ती तुम्हाला नकाशाशिवाय सांगतील.

उत्तर : वकिली करणारी वाचक, धरमपेठ

फुटाळ्याच्या याचिकेचा उल्लेख आला आहे, म्हणून तिचा निकाल नेमका काय आहे ते सांगते. त्याचा तुमच्या निवेदनाला उपयोग होईल. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की फुटाळा हा मानवनिर्मित जलाशय असल्यामुळे 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत तो बसत नाही. त्या नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय मुळातच वगळलेले आहेत. नागपूरचे जवळपास सगळे जुने तलाव माणसांनीच बांधलेले असल्याने, पाणथळ म्हणून संरक्षण मागण्याची वाट आपल्यासाठी अरुंद झाली आहे. पर्यावरणाची काळजी करणाऱ्या अनेकांना या निकालाने निराश केले आणि त्यांच्यात मीही होते.

तरीही त्याच निकालात न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते, असे म्हटले आहे. याचा साधा अर्थ असा की तलाव शासनाच्या ताब्यात असला तरी तो लोकांच्या वतीने सांभाळण्यासाठी दिलेला आहे. तुमच्या निवेदनाचा पाया हाच असू द्या. विनंतीच्या सुरात लिहू नका. विश्वस्ताकडे हिशेब मागण्याच्या भूमिकेतून लिहा, भाषा मात्र सौम्य ठेवा.

दुसरे असे की आराखडा अंतिम होण्यापूर्वी तो मराठीतून जाहीर व्हावा आणि त्यावर हरकती मागवल्या जाव्यात, ही मागणी पहिल्या पानावर असावी. अंबाझरी उद्यानाच्या परिसरातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन 2021 मध्ये पाडले गेले आणि पुढे त्यासाठी महिलांनी दीर्घकाळ धरणे धरले. जी वास्तू एका विकासकाच्या नकाशावर जुने बांधकाम असते, ती कोणाच्या तरी आयुष्यातली लग्ने, सभा आणि आठवणी असते. गांधीसागराच्या काठावरही मंदिरे आहेत, जुन्या पायऱ्या आहेत, वर्षानुवर्षे बसणारी माणसे आहेत. त्यांची यादी आधी व्हावी. गणेशमूर्तींचे विसर्जन तलावात न करता कृत्रिम टाक्यांत करण्याचा बदल लोकांनी स्वीकारला, तो त्यांच्याशी बोलणे झाले म्हणून. बोलले तर लोक ऐकतात, हा या शहराचा अनुभव आहे.

प्रतिसाद : महालातील रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री निवेदनाचा मसुदा पुन्हा लिहायला घेतला. पूर्वीच्या मसुद्यात सुरुवातीलाच नौकानयन आणि रोषणाई होती. आता आराखडा जाहीर करण्याची मागणी सुरुवातीला घेतली आहे, त्यानंतर मोऱ्यांच्या नोंदी आणि त्या बंद होण्याच्या तारखा, मग जादा पाण्याचा मार्ग आणि त्याची मृगापूर्वीची पाहणी. दिवे, स्वच्छतागृह आणि विनातिकीट काठ या मागण्या ठळकपणे ठेवल्या आहेत, कारण फुटाळ्याच्या भाऊंनी त्यांच्या वडिलांबद्दल लिहिलेले वाचून आमच्याकडची तरुण मुले म्हणाली की रोषणाईचा हट्ट त्यांनी यासाठीच धरला होता. त्यांना ते नीट सांगता आले नव्हते. खाऊगल्लीतल्या विक्रेत्यांच्या जागेबद्दल आमच्यात अजूनही एकमत नाही. ज्येष्ठांना गर्दीचा त्रास होतो हे खरे आहे आणि विक्रेत्यांचे पोट त्या गर्दीवर आहे हेही खरे आहे. तो परिच्छेद मी दोन्ही बाजू लिहून तसाच ठेवणार आहे, कारण एकमत नसताना ते दाखवणे मला प्रामाणिक वाटत नाही.

मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचा विचार आमच्या मनात एकदाही आला नव्हता, याचे वाईट वाटले. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन येते.

येत्या रविवारी पहाटे साडेपाच वाजता रमण विज्ञान केंद्राच्या बाजूने आम्ही तलावाची प्रदक्षिणा सुरू करणार आहोत. वही, दोन बॅटऱ्या आणि रस्त्यांचा एक छापील नकाशा आमच्याकडे आहे. अभियंता काकांना जमले तर त्यांनी अवश्य यावे; कोणत्या मोरीचे पाणी घरांचे आणि कोणत्या मोरीचे पाणी फुटलेल्या नळाचे, हे ओळखण्यात आमची चूक होऊ शकते. सासूबाईही येणार म्हणत आहेत. पूर्वी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या कुठे होत्या, ती जागा त्या दाखवणार आहेत.